स्विफ्टपासून मांझापर्यंत एकच इंजिन: १.३ मल्टिजेट डिझेलची ओळख, दुखणी आणि अदलाबदल

माझ्या गॅरेजच्या भिंतीला एका खिळ्यावर ऑईलची जाळी टांगलेली आहे. तळहातात मावेल एवढी, वाकड्या नळीच्या टोकाला बसवलेली. निम्म्याहून जास्त जाळी काळ्या, वाळलेल्या गाळाने बंद झालेली. नख लावलं की पापुद्रा सुटतो. मेढ्याच्या एका टॅक्सीवाल्याच्या गाडीतून ती निघाली. त्याआधी आठ महिन्यांत त्या गाडीला दुसरीकडे दोन टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) बसले होते. तिसऱ्याची तयारी ठेवून तो माझ्याकडे आला. "दादा, या गाडीला टर्बोच टिकत नाही बघा," म्हणाला. मी टर्बोला हात न लावता चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑईलचं भांडं, उतरवला. जाळी बंद, म्हणून ऑईल वर पुरेसं चढत नव्हतं. ऑईल नाही म्हणून टर्बोचा शाफ्ट कोरडा फिरत होता. नवीन टर्बो आणखी दहा बसवले असते तरी दहाही गेले असते.

त्या दिवसापासून १.३ डिझेलची गाडी कोणी 'टर्बो गेलाय', 'नोझल (डिझेल फवारणारे इंजेक्टर) गेलेत' असं सांगत आणली की मी आधी ती जाळी दाखवतो. या इंजिनाची बहुतेक मोठी दुखणी छोट्या जागी सुरू होतात, आणि ती छोटी जागा शोधायला पाना कमी आणि सबुरी जास्त लागते. सातारा, कराड, सांगली भागात या इंजिनाच्या गाड्या आजही रस्तोरस्ती आहेत, बऱ्याच आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे. त्या मालकांसाठी आणि गावोगावच्या मेकॅनिक भावांसाठी हे लिहितोय.

इंजिन नेमकं काय आहे

हे मूळ फियाटचं इंजिन. जनरल मोटर्सबरोबरच्या भागीदारीच्या काळात ते तयार झालं आणि २००३ मध्ये पोलंडमधल्या कारखान्यातून बाहेर पडलं. आपल्याकडे ते खऱ्या अर्थाने पोचलं २००७ च्या सुरुवातीला, स्विफ्ट डिझेलमधून. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटांनी क्वाड्राजेट, फियाटने मल्टिजेट. नावं तीन, पाया एक. फियाट आणि टाटांच्या गाड्यांसाठी ते आपल्या पुण्याजवळ रांजणगावला बनायचं, मारुती स्वतःचं हरियाणात बनवायची.

क्षमता १२४८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट. बोअर ६९.६ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८२ मिलिमीटर. म्हणजे पिस्टन बारीक आणि चाल लांब, म्हणून खालच्या रेसला जोर बरा मिळतो. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. डिझेल कॉमन रेलमधून, म्हणजे चारही इंजेक्टरच्या एकाच दाबाच्या नळीतून जातं, दाब पिढीप्रमाणे १४०० ते १६०० बारपर्यंत. 'मल्टिजेट' हे नाव पडलं कारण एका स्ट्रोकला इंजेक्टर एकदाच नाही, तर पाच वेळांपर्यंत तुकड्या-तुकड्याने डिझेल सोडू शकतो. जुन्या डिझेलसारखी ठकठक यात कमी ऐकू येते ती यामुळेच. टॅपेट हायड्रॉलिक आहेत, त्यामुळे 'टॅपेट सेटिंग करून देतो' असं कोणी म्हणालं तर त्याने हे इंजिन उघडलेलं नाही असं समजा. आणि टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे. हा मुद्दा पुढे मोठा होणार आहे.

पार्ट घेताना सगळ्यात महत्त्वाचा फरक ताकदीचा. एक ७५ पीएसच्या (पीएस म्हणजे अश्वशक्ती) आसपासचं, ज्याचा टर्बो साध्या घडणीचा असतो. त्याचा टॉर्क बहुतेक गाड्यांत १९० न्यूटन-मीटर, २००० आरपीएमला. दुसरं ९० पीएसचं, ज्याच्या टर्बोच्या आत हलणाऱ्या पाकळ्या असतात, ज्याला सगळे व्हीजीटी म्हणतात. त्याचा टॉर्क २०० न्यूटन-मीटर, १७५० आरपीएमला. फियाटच्या लिनियात आणि पुंटोच्या नव्वदीत तो २०९ पर्यंत नेलेला होता. कागदावर दहा-वीसचा फरक दिसतो, पण पसरणीचा घाट पाचगणीकडे चढताना वळणावरून बाहेर पडताना तो फरक पायाला कळतो: ७५ वाली गाडी दुसऱ्या गिअरला यायला लावते, ९० वाली तिसऱ्यात ओढते.

कोणकोणत्या गाड्यांत आहे

७५ पीएसच्या बाजूला स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, डिझेल बलेनो. टाटांची इंडिका व्हिस्टा क्वाड्राजेट आणि बोल्ट. फियाटची साधी पुंटो. ९० पीएसच्या बाजूला डिझेल एसएक्स४, पहिली अर्टिगा, सियाझ, एस-क्रॉस, २०१६ पासूनची व्हिटारा ब्रेझा, टाटांची मांझा, झेस्ट, व्हिस्टा डी९०, फियाट लिनिया. शेवरलेच्या सेल आणि एन्जॉयमध्येही हेच इंजिन होतं, थोडं वेगळं ट्यून केलेलं. सियाझ आणि अर्टिगाच्या नंतरच्या गाड्यांवर 'एसएचव्हीएस' लिहिलेलं दिसलं तर इंजिन तेच, फक्त स्टार्टर-कम-जनरेटर आणि त्याची वायरिंग वाढलेली.

आता ज्यात नाही तेही सांगतो, कारण पार्ट घेताना फसवणूक इथेच होते. २०१९ मध्ये अर्टिगा आणि सियाझला आलेलं १.५ लिटर डिझेल हे सुझुकीचं स्वतःचं, त्याचा या इंजिनाशी संबंध नाही. एस-क्रॉसमध्ये १.६ लिटरचंही डिझेल होतं; ते फियाटच्या घराण्यातलं असलं तरी वेगळं इंजिन. शेवरले बीटचं डिझेल याच कुळातलं, पण तीन सिलिंडरचं, ९३६ सीसीचं. टाटांच्या जुन्या इंडिकातलं १.४ लिटर तर पूर्ण वेगळं. एप्रिल २०२० ला धुराच्या प्रदूषणाचा बीएस-६ नियम लागू झाला तसं १.३ आपल्याकडे बंद झालं. तेव्हा या इंजिनाची सगळ्यात नवी गाडीसुद्धा आता वयात आलेली आहे.

मारुतीच्या इंजिनावर नंबरची सुरुवात 'डी१३ए' अशी असते. दुकानात जाताना त्या नंबराचा, चेसिस नंबराचा आणि जुन्या पार्टवरच्या स्टिकरचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या. 'स्विफ्टचा टर्बो द्या' एवढ्यावर पार्ट घेऊ नये.

बिघाड शोधायचा क्रम

पहिली तपासणी सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना. गॅरेजवाल्याला सांगा की गाडी मीच येऊन चालू करणार, तोपर्यंत कोणी सेल्फ मारू नका. गरम इंजिन अर्धी दुखणी लपवतं.

आधी ऑईलची काडी. गाडी सपाट जागी हवी. डोंगरउतारावरच्या अंगणात काडी खोटं बोलते. या इंजिनात एकूण ऑईल साधारण तीनच लिटर मावतं, आणि काडीवरच्या खालच्या-वरच्या खुणेत जवळपास एक लिटरचं अंतर आहे. म्हणजे ऑईल खालच्या खुणेवर दिसलं तर एक तृतीयांश ऑईल आधीच गेलेलं आहे. उरलेल्या दोन लिटरवर टर्बो, चेनचा टेन्शनर, हायड्रॉलिक टॅपेट सगळे जगतायत. काडीवरचा थेंब बोटांत चोळा. रवाळ लागला तर वाईट. डिझेलचा वास आला आणि पातळी खुणेच्या वर गेलेली असेल तर इंजेक्टरमधून डिझेल ऑईलमध्ये उतरतंय. अशी गाडी घाटात नेऊ नका. दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय.

मग बॉनेट उघडं ठेवून सेल्फ मारा आणि कान द्या. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवला तर उत्तम, पुढच्या महिन्याच्या आवाजाशी ताडून बघता येतो. चालू होताना दोन-तीन सेकंद साखळी डब्यात हलवल्यासारखी खडखड आणि मग शांत, ही चेन. सतत 'फस-फस' असा, रेस वाढवली की वेग धरणारा आवाज, ही इंजेक्टरखालची वॉशर. रेस दिल्यावरच शिट्टी, ही बहुधा फाटलेली हवेची नळी.

धुराचा रंग बघा. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी: फिल्टर चोक, नळी फाटलेली, ईजीआर (थोडा जळका वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) अडकलेला, टर्बो हवा देत नाही. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. पांढरा धूर गार इंजिनात काही क्षण निघून थांबला तर ग्लो प्लग (गार इंजिन चालू होण्यासाठी आतून तापवणारे) बघा. थांबलाच नाही आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गास्केट.

यानंतर स्कॅनर. स्कॅनरचा कोड म्हणजे निकाल नाही, दिशा. पी०२९९ आला की टर्बोची हवा कमी पडतेय एवढंच कळतं, टर्बो मेला असं नाही. पी०४०१ ईजीआरचा, पी००८७ रेलमधला दाब कमी, पी०३८० ग्लो प्लगच्या वायरिंगचा. पी००१६ मात्र गंभीर समजा: क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही, म्हणजे चेन ताणली असण्याची शक्यता मोठी. गाडी चालूच होत नसेल तर सेल्फ मारताना रेलचा दाब वाचा. साधारण २०० बारच्या आसपास पोचला नाही तर इंजेक्टर उघडायची आज्ञाच मिळत नाही, आणि तुम्ही बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारत बसता.

एक धोका सगळ्यांनी लक्षात ठेवा. इंजिन चालू असताना रेलचे लोखंडी पाइप सैल करून बघायची जुनी सवय असते. जुन्या पंपाच्या गाडीत ते चालायचं, इथे नाही. हजार-दीड हजार बारची धार दिसत नाही आणि कातडी फोडून आत जाते. बोटाला टाचणी टोचल्यासारखं वाटलं तरी लगेच दवाखाना गाठायचा.

नेहमीची दुखणी

चेनबद्दल आधी सविस्तर सांगतो, कारण इथे उशीर झाला तर इंजिन जातं. बेल्ट नाही म्हणजे बदलायला नको, असा समज आहे. चेन तुटते क्वचित, पण सैल पडते. तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑईलच्या दाबावर चालतो. ऑईल जुनं, कमी किंवा जाळी बंद असली की सकाळी दाब यायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ चेन पट्ट्यांवर आपटते. पट्ट्या झिजतात, तुकडे चेंबरमध्ये पडतात, आणि तेच तुकडे जाळीला जाऊन चिकटतात. असं ते एकमेकांना मारत जातं. चेन एक-दोन दात सरकली की व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतात आणि वरचे रॉकर मोडतात. म्हणून रोजची सकाळची खडखड दोन आठवडे ऐकू आली तर काम काढा. पूर्ण किट घ्या: चेन, टेन्शनर, पट्ट्या आणि दातेरी चाकं. नुसती चेन बदलून जुना टेन्शनर ठेवायचा नाही. टायमिंग लावताना कॅम आणि फ्लायव्हील लॉक करायच्या पिना लागतात. पांढऱ्या रंगाच्या खुणा मारून अंदाजाने बसवणाऱ्याच्या हाती हे काम देऊ नका. चेंबर त्या कामात उतरतोच, तेव्हा जाळी काढून डिझेलमध्ये धुवा, उजेडाकडे धरून आरपार दिसते का बघा. फार गाळ असेल तर नवी बसवा, टर्बोच्या मानाने ती किरकोळ किमतीची आहे.

जुन्या, गाळ भरलेल्या इंजिनात 'इंजिन फ्लश'ची बाटली ओतायला माझा ठाम विरोध आहे. ती गाळ विरघळवत नाही, सुटा करते, आणि सुटलेला गाळ थेट जाळीवर जातो. त्यापेक्षा चांगलं ऑईल दोनदा, तीन-तीन हजार किलोमीटरला बदला. इंजिन हळूहळू स्वच्छ होतं.

ऑईल फुल सिंथेटिक हवं. गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० असेल तर ते, ५डब्ल्यू-४० असेल तर ते. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या ड्रममधलं घालू नका. पुस्तक दहा हजार किलोमीटर किंवा त्याहून जास्त सांगतं. रोज महाबळेश्वर, ठोसेघर, कास अशी चढ-उताराची पळापळ असेल तर मी साडेसात हजारांवर बदलतो, फिल्टरसकट. फिल्टर कागदी कॅट्रिजचा असतो. त्याच्या झाकणाचा रबर ओ-रिंग जुनाच ठेवला तर ऑईल गळतं.

इंजेक्टरची वॉशर. तांब्याची छोटी चकती, किंमत काहीच नाही, पण गळायला लागली की जळका वायू वर येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखं काळं दगडी थर बसतं. वासही केबिनमध्ये येतो, एसी लावला की जास्त. लवकर पकडलं तर तासाभराचं काम. वर्षभर चालवलं की इंजेक्टर त्या डांबरात असा रुततो की काढताना हेडची बैठक खराब होते. काढताना हातोडी नको. आदल्या रात्री भेदक तेल सोडा, इंजिन कोमट असताना सावकाश गोल हलवत काढा. बैठक कटरने साफ करा, जुनी चकती आत राहिलेली नाही ना हे टॉर्चने बघा (दोन चकत्या एकावर एक मी पुष्कळदा बघितल्यात), नवी चकती आणि क्लॅम्पचा नवा बोल्ट.

इंजेक्टर खरंच खराब आहे का हे बघायचं असेल तर परत जाणाऱ्या डिझेलची चाचणी घरच्या घरी होते. चारही इंजेक्टरच्या वरच्या परतीच्या बारीक नळ्या काढून तिथे चार पारदर्शक नळ्या लावा, चार सारख्या बाटल्यांत सोडा. इंजिन आयडलवर पाच मिनिटं. चारही बाटल्यांत जवळपास सारखं डिझेल आलं तर इंजेक्टर सोडून दुसरीकडे बघा. एकीत इतरांच्या दुप्पट आलं तर तो एकच काढून पंप-टेस्टिंगवाल्याकडे पाठवा; चारही बदलायची गरज नाही. नव्या इंजेक्टरवर कोड छापलेला असेल तर तो स्कॅनरने ईसीयूत (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) भरून घ्या, नाहीतर आयडलला गाडी थरथरत राहते.

टर्बो. हवेची नळी काढून, गार इंजिनावर, बोटाने शाफ्ट हलवून बघा. बाजूला किंचित हलला तर ठीक, आत-बाहेर हलला किंवा पंखा घराला घासल्याची खूण दिसली तर गेला. त्याआधी मात्र हवेच्या सगळ्या नळ्या आणि क्लिपा साबणाच्या पाण्याने तपासा. इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारी जाळी) असेल तर त्याचे जोडही. व्हीजीटी असेल तर व्हॅक्यूमची बारीक रबरी नळी बघा. उन्हाने तडकलेल्या त्या नळीमुळे ९० पीएसची गाडी बैलगाडीसारखी चढते. टर्बो बदलायचाच असेल तर ऑईल आणणारी नळी नवी, जाळी साफ, ऑईल-फिल्टर नवं, आणि इंटरकूलरमध्ये साचलेलं ऑईल पूर्ण ओतून काढलेलं, या चार गोष्टी झाल्याशिवाय चालू करू नका.

ते साचलेलं ऑईल का काढायचं? इंजिनाने ते ओढून घेतलं तर ते त्याच ऑईलवर पळायला लागतं आणि चावी काढली तरी थांबत नाही. रेस आपोआप वाढते, मागे निळ्या धुराचा ढग. गाडी उभी असेल तर घाबरून उतरून पळू नका: ब्रेक पूर्ण दाबा, पाचवा गिअर टाका आणि क्लच एकदम सोडा. इंजिन गुदमरून बंद पडतं.

ईजीआर काजळीने चोक होतो, विशेषतः गावात-बाजारात हळू फिरणाऱ्या गाडीत. खालच्या रेसला हिसके, काळा धूर, ॲव्हरेज कमी. काढून क्लीनरने साफ करा, गास्केट नवं लावा, पुढची दोन वर्षं निघतात. पत्रा लावून कायमचा बंद करून देणारे खूप आहेत. ते प्रदूषणाच्या नियमात बसत नाही, आणि ईसीयू चूक दाखवत राहतो ते वेगळंच. माझ्याकडे मी ते करत नाही.

डिझेल फिल्टर मी वीस हजारांना बदलतो आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा तळाचं पाणी सोडतो. कॅनमधून, शेतातल्या ड्रममधून डिझेल भरणाऱ्यांनी तर नक्कीच. एअर फिल्टरचा हिशेब मुलखाप्रमाणे बदला. दहिवडी, म्हसवड, आटपाडी, जत या धुळीच्या पट्ट्यात पुस्तकातल्या निम्म्या अंतरावर. पाटण-कोयनेच्या ओल्या भागात धूळ कमी, पण फिल्टर दमट होऊन चिकटतो, उन्हात ठेवून परत वापरू नका.

ग्लो प्लग मल्टिमीटरने तपासता येतात. चांगल्या प्लगचा रेझिस्टन्स एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, मीटर काहीच दाखवत नसेल तर तो जळाला. सांगली-मिरजेत एखादा प्लग गेलेला वर्षभर कळत नाही, डिसेंबरात पाचगणीला मुक्काम झाला की सकाळी कळतो.

कूलिंगमध्ये थर्मोस्टॅटचं घर आणि वॉटर पंप या गळतीच्या जागा. कूलंट पुस्तकाप्रमाणे, डिस्टिल्ड पाण्यात. बोअरचं पाणी कधीही नाही. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने घरातल्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो.

पुरातून निघालेली गाडी

सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. २००५, २०१९, २०२१: कृष्णा घरात आली तशी गाड्यांतही आली. पाण्यात बुडालेल्या डिझेलला सेल्फ मारणं ही सगळ्यात महाग चूक. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी अडतं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची वायर काढा. एअर फिल्टरचा डबा उघडा. तो आतून कोरडा असेल तर आशा मोठी. ओला असेल तर ग्लो प्लग काढून क्रँक पान्याने हाताने फिरवा, भोकांतून पाणी बाहेर येऊ द्या. ऑईल, फिल्टर, डिझेल टाकी, गिअर ऑईल सगळं बदला. पहिलं नवं ऑईल पन्नास-शंभर किलोमीटरलाच पुन्हा काढा. विमा असेल तर पाणी उतरल्यावर गाडी जिथे आहे तिथेच फोटो काढा, मग हात लावा.

जुनी गाडी घेणाऱ्याने हे उलटीकडून बघावं. एमएच-१० असो, एमएच-०९ असो की दुसऱ्या जिल्ह्यात पासिंग फिरवलेली असो, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या भागावर गाळाची आडवी रेघ दिसते. सीटचे रूळ, डॅशबोर्डखालचे बोल्ट, स्टेपनीचा खड्डा गंजलेला का ते बघा. ईसीयूचा प्लग काढून पिना हिरव्या झाल्यात का बघा. आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. एक सिलिंडर बाकी तिघांपेक्षा बराच कमी असेल तर रॉड किंचित वाकलेला असू शकतो. असा रॉड सहा महिने चालतो आणि मग ब्लॉक फोडून बाहेर येतो.

घाटात चालवताना

खंबाटकी असो, कुंभार्ली असो, चढताना इंजिन १५०० च्या खाली कोंडू नका, गिअर उतरवा. कमी रेसला जास्त पाय दाबला की काजळी, उष्णता आणि क्लचवरचा ताण तिन्ही वाढतात. वर पोचल्यावर लगेच चावी फिरवू नका, मिनिटभर आयडलला राहू द्या. तापलेल्या टर्बोतलं ऑईल थांबलं तर तिथेच जळून कोळसा होतो. उतरताना गाडी न्यूट्रल नको. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला तर या इंजिनात डिझेल तसंही बंदच होतं; न्यूट्रलला उलट आयडलचं डिझेल जळतं आणि ब्रेक तापतात.

जुनं इंजिन आणून बसवायचं असेल तर

इंजिन पूर्ण गेलं तर जुन्या बाजारातलं आणायची वेळ येते. 'सगळं सेम आहे, बसतंय' हे वाक्य तिथे हमखास ऐकू येतं. ब्लॉक-हेडच्या पातळीवर त्यात तथ्य आहे. पण त्यावर टांगलेलं सगळं गाडीगणिक वेगळं: माउंटिंगचे कंस, चेंबरचा आकार, गिअरबॉक्सच्या बाजूची बैठक, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, ईजीआर कूलर, सेन्सर, वायरिंग. त्यामुळे इंजिन शक्यतो त्याच कंपनीच्या त्याच ताकदीच्या गाडीतलं घ्या, आणि बीएस-३ ला बीएस-३, बीएस-४ ला बीएस-४. पुण्यासारख्या मोठ्या शहरांत बीएस-४ २०१० मध्ये आलं, देशभर १ एप्रिल २०१७ ला. मधल्या वर्षांच्या गाडीचा अंदाज बांधू नका, आरसीवर वाचा.

ईसीयू तुमच्या गाडीचाच राहू द्या, कारण त्यातला इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप, चावीशी बांधलेला असतो. ७५ पीएसच्या गाडीला ९० चा टर्बो लावून द्या म्हणणारे येतात. त्या ईसीयूला पाकळ्या चालवायचं कळतच नाही. पैसे जातात आणि गाडी आहे त्याहून मागे पडते. उतरवलेल्या इंजिनातून तुमचे इंजेक्टर आणि टर्बो चांगले असतील तर तेच नव्या इंजिनावर चढवा, मग कोडिंगचाही प्रश्न येत नाही.

घेण्याआधी त्या इंजिनाचं ऑईलचं झाकण उघडून आत बोट फिरवा. काळी चकचकीत फिल्म चालेल, बोटावर मलमासारखा गोळा आला तर परत ठेवा. चेंबर उतरवून जाळी बघू देत नसेल तर त्या दुकानातून घेऊ नका. बसवण्याआधी चेन किट आणि मागची क्रँक सील बदलून घ्या. इंजिन बाहेर असताना त्याची मजुरी जवळजवळ लागत नाही.

आणि कागद. इंजिन बदललं की नंबर बदलतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. त्यासाठी विकणाऱ्याकडून इंजिन नंबर लिहिलेली पावती आणि ते इंजिन ज्या गाडीतून निघालं तिच्या कागदांची प्रत इंजिन टेम्पोत चढवण्याआधी हातात घ्या. विमा कंपनीलाही नवा नंबर लेखी द्या. एमएच-११ असो वा एमएच-५०, पंधरा वर्षांनंतरच्या फेरपासिंगला इन्स्पेक्टर बॉनेट उघडून टॉर्चने तोच नंबर वाचतो.